धारवाडच्या अलीकडची पंधरा मिनिटं

गुंडू चौगुले कागलजवळच्या एका खेड्यातला. वय बावन्न. त्यातली सव्वीस वर्षं ट्रकच्या स्टिअरिंगमागं गेलेली. पहिली वीस वर्षं तो शिरोली एमआयडीसीतून लोखंडी कास्टिंग भरून चेन्नई, जमशेदपूर, पंतनगर, कुठंही जायचा. एकदा घर सोडलं की वीस-बावीस दिवस परतणं नाही. झोप केबिनमध्ये, स्वयंपाक गाडीच्या सावलीत. मुलगी तेजस्वी बालवाडीत असताना बाईंनी तिला विचारलं, "तुझे बाबा कुठं असतात?" तर ती म्हणाली, "फोनमदी." बाईंनी ही गोष्ट गंमत म्हणून गुंडूच्या बायकोला, शालनला सांगितली. शालननं ती गुंडूला सांगितली नाही. त्याला ती चार वर्षांनी कळली, आणि तीही भांडणात.

सहा वर्षांपूर्वी तो एका दुसऱ्या वाहतूक कंपनीत लागला. तिथली रीत वेगळी होती. गाडीनं थांबायचं नाही, ड्रायव्हरनं बदलायचं. गुंडूनं पहाटे पाचला शिरोलीतून निघायचं आणि दहाच्या सुमारास धारवाडच्या अलीकडं एका पेट्रोल पंपामागच्या पटांगणात पोचायचं. दावणगिरीचा ड्रायव्हर तिकडून बेंगळुरूचा माल घेऊन येणार. दोघांनी गाड्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या घराकडं वळायचं. संध्याकाळी गुंडू दारात.

जुन्या सोबत्यांनी टिंगल केली. "आर्ध्या वाटंचा ड्रायव्हर" म्हणाले. घरातही सुरुवातीला अवघडच गेलं. रोज संध्याकाळी कॉटवर बसलेल्या या माणसाचं काय करायचं ते शालनला कळेना. शेजारणीला ती म्हणाली, "दोन म्हयनं पाव्हण्यागत बसत हुतं. च्या पण मागायचं न्हाईत."

दावणगिरीचा तो ड्रायव्हर म्हणजे निंगाप्पा. गुंडूपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, बुटका, कपाळावर विभूती. तरुणपणी जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीवर पाच वर्षं काढल्यामुळं त्याला मराठी येत होतं, फक्त बोलताना बाई-पुरुषाचा घोटाळा व्हायचा. गुंडू त्याला अण्णा म्हणायचा.

अदलाबदलीला कंपनीनं पंधरा मिनिटं दिलेली. टायर ठोकून बघायचे, कागद द्यायचे, मागच्या दाराला लावलेल्या सीलचा नंबर कागदाशी ताडून फोटो पाठवायचा, चावी हातात द्यायची. उरलेल्या सहा-सात मिनिटांत चहा. एवढ्या वेळात कसली मैत्री होणार, असं कुणालाही वाटेल. पण माणूस केबिनमध्येही मागं राहतो. बुटका निंगाप्पा सीट पुढं ओढून ठेवायचा, उंच गुंडू ती रोज मागं सारायचा. कधी सीटमागच्या कप्प्यात निंगाप्पाच्या बायकोनं दिलेली शेंगाचटणी असायची, तर कधी गुंडू कागलचा गूळ ठेवायचा. गोष्टी हप्त्याहप्त्यानं चालायच्या. निंगाप्पाच्या भावकीतल्या विहिरीचं भांडण ऐकायला गुंडूला पाच महिने लागले. गुंडूची आई तानाबाई वारली तेव्हा तेराव्यानंतर तो कामावर आला.  त्या दिवशी निंगाप्पानं गुंडूच्या गाडीची काच स्वतः पुसून दिली आणि गेला.

मागच्या श्रावणात निंगाप्पा म्हणाला, "गुंडू, नंबर वाच की जरा. चष्मा विसरला."

गुंडूनं वाचला. दुसऱ्या दिवशीही वाचला. आठवड्यानं निंगाप्पा विचारायचाही थांबला. तो नुसता कागद पुढं करायचा आणि गुंडू वाचायचा. चष्मा असा कुठला नव्हताच, हे गुंडूच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. मग इतरही दिसू लागलं. निंगाप्पाच्या गाडीचा डावा आरसा दोनदा फुटून आला. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर रोज नवा ओरखडा. एकदा चहाचा ग्लास टेबलावर ठेवताना त्यानं तो टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. ग्लास फुटला, आणि दोघंही तो पोऱ्याच्या हातून पडला असावा तसे बघत राहिले.

गुंडू गप्प राहिला. निंगाप्पाच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. थोरल्या मुलीचं लग्न ठरत होतं. तीस वर्षांत त्याच्या हातून माणूस सोडा, कुत्रंसुद्धा मेलं नव्हतं. अशा माणसाला काय सांगायचं?

दिवाळी झाली. कारखाने सुरू झाले, आणि ऊस भरलेल्या ट्रॉल्या हायवेवर आल्या. एकामागं एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना चमकणारी पट्टी. पहाटेच्या धुक्यात कागलच्या पुढं गुंडूला अशीच एक ट्रॉली अगदी शेवटच्या क्षणी दिसली. ब्रेक लागला, गाडी थांबली. डोळे धड असून ही गत, तर निंगाप्पाचं काय, हा विचार तिथून जो बसला तो हलेना.

संध्याकाळी त्यानं शालनला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मग बोला की त्येंच्यासंगं."

"कसं बोलू? पोटावर पाय दिल्यागत हुतंय."

शालननं भाकरी तव्यावर टाकली. "आपली तेजू स्कूटीवरनं कॉलेजला जात्या. तिकडंबी कुणाच्या तरी पोरी जात असत्याल की. त्येंचं बा काय म्हनतील तुमास्नी?"

दुसऱ्या दिवशी गुंडूनं चहा घेताना विषय काढला. "अण्णा, डोळं दाखवून घे एकदा."

"माझा डोळा चांगला हाय."

"नंबर रोज मी वाचतोय."

निंगाप्पानं चहा तसाच ठेवला आणि उठला.  पुढचे तीन दिवस तो नंबर वाचायला पंपावरच्या माणसाला हाक मारत होता. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या गाडीच्या डाव्या बाजूची फळी हातभर चिरलेली होती, आणि चिरेत कुणाच्या तरी मोटारसायकलच्या हँडलचा तुटका रबर अडकला होता.

"ह्ये काय?" गुंडूनं विचारलं.

"कुटं काय?" निंगाप्पा म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

गुंडूनं बोटानं तो रबर काढून त्याच्या हातावर ठेवला. निंगाप्पानं तो चाचपला, फिरवून बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोण व्हता?"

"मला काय ठावं? मानूस वाचला का न्हाई त्येबी ठावं न्हाई."

गुंडूनं आपल्या गाडीची चावी काढली आणि मुठीत धरली. "अण्णा, त्यो दारावरच्या सीलचा नंबर वाच. वाचलास तर चावी देतो."

"गुंडू, येडा हाय काय? टाइम व्हायला लागला."

"हूं दे."

निंगाप्पा दारापाशी गेला. नाक टेकेल इतका जवळ. पुटपुटला, थांबला, पुन्हा पुटपुटला. मग तिथंच मागच्या चाकाला टेकून खाली बसला. गुंडूनं आधी निंगाप्पाच्या वाटेवरच्या हुबळीच्या पोलिसांना फोन करून मोटारसायकलचा काही अपघात नोंदला आहे का ते विचारलं. एका शेतकऱ्याला धक्का लागला होता, हात मोडला होता, तो बोलत होता. गुंडूनं ते निंगाप्पाला सांगितलं. निंगाप्पानं स्वतःच्या हातानं फोन घेतला आणि कानडीत पोलिसांना आपलं नाव, गाडीचा नंबर आणि जागा सांगितली. गाडीचा नंबर त्याला तोंडपाठ होता.

शिरोलीच्या ऑफिसात ऋतुराज नावाचा सुपरवायझर होता. गाड्या अडल्याचं गुंडूनं कळवल्यावर तो फोनवर ओरडला, "तुमी कशाला थांबलायसा? तुमची गाडी काढा की!"

"दुसरा ड्रायव्हर आल्याबिगर न्हाई हालणार. ल्हिऊन काय पायजे ते घ्या."

दुसरा ड्रायव्हर यायला चार तास लागले. मधे पोलीस येऊन जबाब घेऊन, चिरलेल्या फळीचे फोटो काढून गेले. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघांना एकत्र बसायला एवढा वेळ मिळाला, आणि बोलायला काही सुचेना. ढाब्यावर जेवले. निंगाप्पानं अर्धी भाकरी ठेवली. एकदाच तो म्हणाला, "दिवस उगवताना डावीकडं काय दिसत न्हाई. काळा पडदा असतंय. मी मान वळवून वळवून चालवायचा." आणि हात धुताना, "बायकोला काय सांगू?"

गुंडूनं पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला. आपण हे श्रावणातच करायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. त्या शेतकऱ्याच्या मोडलेल्या हातात आपल्या तीन महिन्यांच्या गप्प बसण्याचाही वाटा आहे, ही गोष्ट त्यानं पुढं शालनलाही सांगितली नाही. मी त्याच्याच गावचा; मला सांगितली, ती शेतातल्या बांधावर बसून, आणि लगेच उठून गेला.

निंगाप्पावर केस झाली, ती अजून चालू आहे. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढला, त्यामुळं वाचता येऊ लागलं. पण काचबिंदूनं डाव्या बाजूची नजर खाल्ली होती, ती परत येणार नव्हती. लायसन्स गेलं. कंपनीनं बऱ्याच विनवण्यांनंतर त्याला दावणगिरीच्या गोदामात चिठ्ठ्या फाडायला बसवलं. गुंडूला उशिराबद्दल नोटीस आली. त्यानं ती वाचून सही केली. दुसऱ्याच आठवड्यात तो कोल्हापुरात जाऊन स्वतःचे डोळे तपासून आला. 

निंगाप्पाचा फोन पाच-सहा महिने आला नाही. गुंडूनंही केला नाही. मग वैशाखात लग्नाची पत्रिका आली, वर पेन्सिलनं मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं, "येणेच."

गुंडू आणि शालन रात्रीच्या गाडीनं दावणगिरीला गेले. मांडवात निंगाप्पानं त्याला पहिल्या पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं, पण त्या दिवसाचा विषय काढला नाही. त्याच्या बायकोनं मात्र शालनचा हात धरून कानडीत बरंच काही सांगितलं. शालनला त्यातलं निम्मं कळलं. ती मान डोलवत राहिली.

संध्याकाळी निंगाप्पा त्यांना स्टँडवर सोडायला आला. मधे मोठा रस्ता होता. शालन पुढं झाली. कडेला उभं राहिल्यावर निंगाप्पानं गुंडूचा दंड धरला, सहज, कुणाला न विचारता.

"डावीकडनं काय येतंय?"

"टँकर. थांब."

टँकर गेला. त्यामागं दोन रिक्षा गेल्या. तीस वर्षं ज्याच्यासाठी लोक रस्त्याच्या कडेला थांबले, तो माणूस आता कडेला उभा होता, आणि त्याच्या बोटांची पकड गुंडूला सदऱ्यावरून जाणवत होती.

"आता?" निंगाप्पानं विचारलं.

"आता चल."