ताईच्या मेंदीच्या दिवशी

आज चाकणच्या ऑफिसात लग्नाची रजा संपवून आलेल्या एका मुलीच्या हातांना मेंदीचा वास आला आणि ताईची मेंदी आठवली. चिंचवडच्या हॉलमध्ये ती कोपरापर्यंत ओले हात धरून बसली होती. मी तिला भात भरवत होते.

"नवऱ्याचं नाव कुठं लपवलंय गं?" मावशी हसत होती.

ताई माझ्या कानात म्हणाली, "मला हे लग्न नाही करायचं. मला उठू देत नाहीत, बाबांना तू सांग."

बाबा केटररशी बोलत होते. मी थोडा वेळ बाजूला उभी राहिले आणि तशीच परत आले.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही."

ताई आता बाबांशी बोलत नाही. बाबा मला कारण विचारतात.