आधी घरचा डबा

तोंडवलीतले माझे शेजारी काका होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. पार्ट लागला की आधी घरचा डबा उपसतात, “आसा मा रे?” असं डब्यालाच विचारतात, मगच मालवणच्या दुकानात फोन. परवा डब्यातला वॉशर चिरलेला निघाला. काकांनी तो लगेच भंगारात फेकला.

“ठेवलो तर परत हात तेकाच लागतलो.”

ते ऐकून मला माझा लॅपटॉप आठवला. माझा जावाचा प्रोग्राम एका लायब्ररीसाठी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडसाठी, दोन दिवस अडला होता; नेटच खराब म्हणून मी दोनदा तक्रारही केली होती. प्रोग्रामचे सुटे भाग जुळवणारं बिल्ड टूलही आधी माझ्याच लॅपटॉपमधला साठा बघतं, तिथे नसेल तरच नेटवरून आणतं. घरी येऊन साठा उघडला, तर तीच लायब्ररी अर्धवट उतरलेली! ती पुसून बिल्ड पुन्हा चालवला, तशी नेटवरून नवी आली.

काकांना मोठ्या ऐटीत सांगितलं.

“मगे त्या नेटवाल्याक दोनदा खांबार कित्याक चढवलंस रे?”