हरळी मरते का कधी?

गवत दिसलं की काका खाली बसायचे आणि त्यावर हात ठेवायचे. तळहात नव्हे, उलटा हात. पोराला ताप आलाय का हे आपण घरात बघतो ना, तसा. दोन-तीन श्वास तसेच बसून राहायचे, मग गुडघ्यावर जोर देऊन उठायचे आणि निकाल सांगायचे, "ठीक आहे. झोपलंय नुसतं." किंवा, "याला तहान लागलीय." सिंगापुरात गवताला काही तोटा नाही. त्यामुळे तोआ पायोहच्या एमआरटी स्टेशनापासून आमच्या ऑफिसपर्यंतचा सात मिनिटांचा रस्ता त्यांच्यासोबत चालायचा तर वीस मिनिटं धरून चालावं लागे.

एकदा ते असेच एका इमारतीखाली बसलेले असताना एका चिनी आजींनी काळजीने विचारलं, "अंकल, यू ड्रॉप समथिंग आह?"

"नो नो, आंटी. चेकिंग फीव्हर."

आजींनी आपली भाजीची ट्रॉली थोडी दुरून नेली. असा एखादा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल, आणि तुम्हीही ट्रॉली दुरूनच नेली असेल. मीसुद्धा पहिले काही महिने तेच केलं.

आमची कंपनी आसपासच्या देशांतल्या गोल्फ कोर्सचं गवत सांभाळते. जमिनीत पुरलेले सेन्सर ओल आणि तापमान पाठवतात, ते स्क्रीनवर नीट दाखवणारी सिस्टीम मी लिहिते. आणि ते गवताचे डॉक्टर. मी पुण्याची, ते निफाडचे, द्राक्षबागायतदाराचे चिरंजीव. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारत, मी मात्र काका म्हणायचे. त्यांनी मला पहिल्या दिवशीच ताई करून टाकलं होतं.

गोल्फ ते कधी खेळले नाहीत. "एवढासा बॉल भोकात ढकलायला माणसं पहाटे उठतात. आमच्याकडे पहाटे उठून निदान गाईचं दूध तरी मिळतं," असं ते म्हणत. पण भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गोल मैदान, ज्याला ग्रीन म्हणतात, त्यावर कुणी बूट घासत चाललं तर त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या.

मी एकदा विचारलं, "काका, हे गवत असतं तरी कोणतं?"

"आपली हरळीच, ताई. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली." मग स्वतःशीच हसून म्हणाले, "आमच्या वडिलांनी बागेतली हरळी उपटण्यात जन्म घालवला. आणि त्यांचा पोरगा परदेशात येऊन तिलाच गोंजारतोय. गेले तेव्हा त्यांना हे नीट कळलं नव्हतं, तेच बरं."

गणपतीत लिटिल इंडियात दुर्वा, म्हणजे हरळीच, मिळतात, पण काकांच्या मते त्या विमानातून आलेल्या, दमलेल्या. त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत चार कुंड्या होत्या. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी ओळखीतल्या सगळ्या मराठी घरी एकवीस दुर्वांची जुडी ओल्या रुमालात गुंडाळून पोचायची. एका वर्षी मी म्हटलं, "काका, कुंडी सुकलीय की तुमची." तर त्यांनी उलटा हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, "हरळी मरते का कधी?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कुणाची बदली होवो, कुणाचा व्हिसा अडको, त्यांचं उत्तर हेच.

जानेवारीत इथे सलग पाऊस लागला की पारा बावीसवर उतरतो. सिंगापूर जॅकेट घालतं. माझा मुलगा "आई, सो कोल्ड लाह!" म्हणत पांघरुणातून बाहेर येत नाही. काका ऑफिसात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून सगळ्यांकडे दयेने बघत फिरायचे. "याला थंडी म्हणतात? निफाडला या. नळीतलं पाणी गोठतं. आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवायचो, पाणी सोडायचो, घड वाचवायचो." हे आम्हाला दरवर्षी ऐकावं लागे.

आणि अशाच एका जानेवारीत आमचं गवत थंडीने गेलं.

सिंगापुरात नव्हे, व्हिएतनामच्या उत्तरेला डोंगरातल्या एका कोर्सवर. एरवी तिथेही उबदार हवा असते, म्हणून तर हरळी लावलेली. त्या आठवड्यात उत्तरेकडून जी थंडीची लाट आली, तशी तिथल्या लोकांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. पहाटे गवतावरचं दव गोठलं. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की ते काचेसारखं आतून तुटतं. अशा वेळी कुणालाही आत सोडायचं नसतं, ऊन यायच्या आधी हलकं पाणी मारायचं असतं. पण हे सांगणार कोण? ते काम माझ्या सिस्टीमचं होतं. माझ्या सिस्टीममध्ये दहा अंशांच्या खालचा आकडा आला की तो खोटा समजून टाकून द्यायचा आणि "सेन्सर बिघडला" असं दाखवायचं, असा नियम होता. त्या सकाळी तिथले सगळे सेन्सर एकदम बिघडले. मी हुशारीने नवे सेन्सर मागवायचा मेल टाकला आणि चहा प्यायला गेले.

तिकडे क्लबच्या पाहुण्यांचा सामना होता. मंडळींनी पांढरी शुभ्र ग्रीन पाहिली आणि आनंदाने त्यावर उभं राहून फोटो काढले. तीन दिवसांनी अठराही ग्रीनवर तपकिरी पावलं उमटली. आठवड्याभरात उरलेलं गवतही सुतळीच्या रंगाचं झालं.

क्लबचा मालक भडकला. सगळ्या ग्रीन खणून काढणार, नवं गवत दुसऱ्या कंपनीकडून लावून घेणार म्हणाला. म्हणजे आमचं तिथलं काम संपलं. आणि काकांचं बहुतेक काम तिथलंच होतं. ते गेलं तर मार्चमध्ये त्यांचा इथे काम करायचा पास वाढवून मागायला कंपनीकडे कारण उरणार नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी मिळून नवा पास मिळणं किती अवघड, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्यांची मुलगी तेव्हा इथेच कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजर बाईंनी विचारलं, "व्हाय नो वॉर्निंग?"

मी तोंड उघडणार, निदान मला तसं वाटत होतं, एवढ्यात काका म्हणाले, "कोल्ड इज माय जॉब. आय शुड हॅव सीन." मग त्यांनी तीन आठवडे मागितले. गवत मेलेलं नाही, झोपलंय, असं त्यांचं म्हणणं. तीन आठवड्यांत ते दाखवून देऊ शकलो नाही तर खुशाल खणा. मालक कसाबसा कबूल झाला.

मी त्या मीटिंगमध्ये शेवटपर्यंत गप्प बसले. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

दुपारी जेवायला हॉकर सेंटरमध्ये, स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, ते नूडल्स चिवडत बसले होते. मी समोर बसले आणि एका दमात म्हणाले, "काका, चूक माझी होती. दहाचा नियम माझा आहे."

त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "पुण्याच्या माणसानं चूक कबूल केली. थांबा, तारीख लिहून ठेवतो."

"मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही, ताई. सिस्टीम लिहिताना तुम्ही मला विचारलं होतं, काका, किती खालपर्यंत धरू? मी काय म्हणालो? दहाच्या खाली कशाला जातंय."

ते मला चांगलंच आठवत होतं. सकाळी गप्प बसताना मी त्याचाच आडोसा घेतला होता. पण तेव्हा आमचे सगळे कोर्स इथे जवळपासच होते. व्हिएतनामचा नंतर जोडला, आणि त्या दिवशी दहाचा आकडा पुन्हा तपासणं माझं काम होतं. मी तसं सांगितलं.

त्यांनी पंख्याखाली उडणारा कागदी रुमाल वाडग्याखाली दाबला. "दरवर्षी तुम्हाला निफाडच्या थंडीच्या गोष्टी सांगतो मी. आणि आकडा सांगायची वेळ आली तेव्हा मलाच थंडी आठवली नाही. एवढी वर्षं इथे राहिलो की अंगातून जाते बहुतेक." मग एकदम म्हणाले, "जेवा. आणि तो दहाचा नियम आजच काढून टाका."

दुसऱ्या दिवशी ते जुना लोकरी स्वेटर घेऊन तिकडे गेले. तिथे गवत सांभाळणाऱ्या बायकांची मुकादम लान म्हणून होती. तिला काकांचं इंग्रजी कळत नसे, काकांना तिची भाषा येत नसे, पण काका उलटा हात ठेवून बसले की ती शेजारी बसून तसाच हात ठेवायची. दोघांनी चार ग्रीनमधून मुळासकट मूठ-मूठभर गवत कापून घेतलं, केकच्या डब्यांत ठेवलं आणि डबे क्लबच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या खिडकीत मांडले. बाहेर थंडी असली तरी उबेत ठेवलेलं गवत जिवंत असेल तर हिरवं होईल, मेलं असेल तर नाही. एवढी साधी परीक्षा.

काका परतले. रोज सकाळी लानचा फोटो यायचा: चार डबे, चारही सुतळीच्या रंगाचे. पाचवा दिवस, आठवा दिवस, अकरावा दिवस. काका फोटो मोठा करून बघायचे आणि फोन उपडा ठेवायचे. त्या दिवसांत "हरळी मरते का कधी?" हे वाक्य ऑफिसात ऐकू आलं नाही. रस्त्यातल्या गवताशी बसणंही त्यांनी सोडलं. आम्ही सात मिनिटांत ऑफिसला पोचू लागलो, आणि मला ती सात मिनिटं सहन होत नव्हती.

चौदाव्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले, फोन माझ्यापुढे ठेवला आणि बाटली भरायला निघून गेले. तिसऱ्या डब्यात, अगदी कडेला, एक हिरवं टोक होतं. मी फोटो मोठा केला. एक नव्हतं, तीन होती.

वीस दिवसांनी तीन डबे हिरवे झाले. चौथा गेला तो गेलाच. दोन ग्रीन खरोखर नव्याने लावाव्या लागल्या, ते काही मी लपवणार नाही. बाकीच्या सोळा ऊन वाढलं तशा उठल्या. पावलांचे ठसे सर्वांत शेवटी भरले, कडेकडेने आत सरकत. त्यात माझ्या चुकीचा आकारही हळूहळू बुजत गेला. मालकाने खणायचं रद्द केलं. काकांचा पास वाढला. त्या दिवशी मॅनेजर बाईंकडे जाऊन मी दहाच्या नियमाची सगळी हकीकत सांगितली. उशीर झाला होता, पण सांगितली.

पुढे दोन वर्षांनी मुलगी नोकरीला लागल्यावर काका आपणहून निफाडला परत गेले. जाताना गॅलरीतली एक कुंडी माझ्याकडे दिली. "पाणी विसरलात तरी चालेल, पण हात लावत जा," म्हणाले. ऑफिसचा रस्ता आता मला सात मिनिटांचाच झालाय. कधीमधी मी मुद्दाम बारा मिनिटं लावते.

आता तिथला पारा तीनच्या खाली उतरला की सिस्टीम तिघांना निरोप पाठवते: मला, लानला आणि काकांना. त्यांचा नंबर यादीतून काढायला मला दोनदा सांगितलं गेलं. मी दोनदा विसरले.

या जानेवारीत सकाळी मी मुलाचा डबा भरत असताना फोन वाजला. रात्री तीनच्या खालचा निरोप येऊन गेलाच होता, आता उणे एक. मी चमचा टाकून लानला फोन लावणार तोच तिचा फोटो आला. अठराही ग्रीनभोवती दोऱ्या बांधलेल्या, बायका हातात पाण्याच्या नळ्या घेऊन उभ्या. दोरीच्या अलीकडे महागड्या कोटातले एक पाहुणे एक पाय उचलून थबकलेले, आणि त्यांच्यासमोर आडवा धरलेला लानचा हात.

मागोमाग निफाडहून एक फोटो आला. तिकडे अजून पहाटेचा अंधार होता, फोटो बॅटरीच्या उजेडात काढलेला. मागे शेकोटीचा धूर, पुढे बांधावरची पांढरी पडलेली हरळी, आणि तिच्यावर एक सुरकुतलेला उलटा हात. खाली लिहिलं होतं, "इकडेही दव गोठलंय. व्हिएतनामचा निरोप पाहून उठलो, बागेत पाणी सोडलं. तुमचा निरोप वेळेवर आला, ताई."

मी गॅलरीत गेले. बाहेर पाऊस होता, बावीस अंश. मुलगा पांघरुणातून ओरडला, "आई, व्हॉट यू डूइंग?"

"ताप बघतेय," मी म्हटलं, आणि कुंडीवर उलटा हात ठेवून बसून राहिले.