भाचीचा पायरव

माझ्या भाचीच्या येण्याची चाहूल लागत नाही. ती स्वयंपाकघरात येते आणि तिच्या मामीच्या हातून पळी पडते. मी वर्तमानपत्राचे पान उलटतो, तो ती समोरच्या खुर्चीत बसलेली असते. यात खोडसाळपणा मुळीच नाही. बारा वर्षे तिने आपल्या गावच्या हौशी नाटकमंडळीत पडद्यामागे काम केले. कोणत्या प्रवेशात कोणती वस्तू कोणाच्या हाती द्यायची, पत्र, चष्मा, पिस्तूल की दुधाचा पेला, हे तिचे खाते. काळे कपडे घालायचे, रबरी तळाच्या चपला वापरायच्या, अंधारात उभे राहायचे आणि प्रेक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात कधीही यायचे नाही, हे नियम तिच्या अंगी इतके भिनले की मंडळी तिला ‘मांजर’ म्हणू लागली.

वडील गेल्यावर भावाने तिला आपल्या कापडदुकानात बसण्यास सांगितले. दुकान रात्री नऊला बंद होते आणि तालमी सहाला सुरू होतात. तेव्हा ती आमच्या शहरी आली. येथील एका मंडळीने तिला घेण्याचे कबूल केले होते. परंतु नाटकावर पोट भरत नाही. पाचच्या आत सुटणारी नोकरी हवी होती. भावाने एका महिन्याची मुदत दिली आणि हिनेही शब्द दिला: तेवढ्या मुदतीत नोकरी न लागल्यास मुकाट्याने परत. मी सांगतो आहे तो त्या मुदतीचा शेवटचा दिवस.

सकाळी मी तिला तीन पत्ते, भेटीच्या तीन वेळा आणि बसचे क्रमांक एका कागदावर क्रमवार लिहून दिले. पोशाखाचा काळा रंग बदलावा, असेही सुचवले. तिच्या मते मात्र तोच सर्वांत नीटनेटका पोशाख होता.

“अगं, नोकरी मागायला चाललीस की कुणाच्या सांत्वनाला?” मामीने विचारले.

ती हसली आणि गेली. दार लागल्याचेही आम्हाला कळले नाही.

दहा वाजता विम्याच्या कार्यालयात शिपायाने तिला बसायला सांगितले. बाके रिकामी होती. पण येण्याजाण्याच्या वाटेत बसणे तिला प्रशस्त वाटेना. ती कपाटाच्या आडोशाला भिंतीशी उभी राहिली. साडेअकराला साहेब बाहेर आले, रिकाम्या बाकांकडे पाहून, बाई थांबलीच नाही वाटतं, असे शिपायाला म्हणाले आणि बैठकीला निघाले. ती त्यांच्यापासून दोन हातांवर होती. खूण मिळाल्याखेरीज उजेडात पाऊल टाकायचे नाही, ही शिस्त आड आली. भानावर येऊन धावली, तोवर लिफ्टचे दार मिटले होते.

एक वाजता ती छापखान्यात गेली आणि निश्चयाने सर्वांत पुढच्या खुर्चीत बसली. मालक भला माणूस निघाला. त्याने तिथल्या तिथे नोकरी देऊ केली; वेळ दुपारी बारा ते रात्री आठ. तिने हात जोडून नकार दिला आणि रस्त्यावरून मला फोन करून सांगितले. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे मी तिला ऐकवले. तिसऱ्या पत्त्याची बस आली, एवढेच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मी परतीच्या गाडीचे वेळापत्रक काढून मेजावर ठेवले.

तिसरा पत्ता लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीचा होता. तळघरातील हत्यारांची खोली सांभाळणारा मनुष्य आठवड्यापूर्वी सोडून गेल्याने तेथे फोरमन स्वतःच हत्यारे देत-घेत होता. साडेतीनला त्याने तिला हातानेच थांबण्याची खूण केली आणि तो तिला साफ विसरला. ती मांडणीच्या कडेला उभी राहिली. एका इमारतीतील लिफ्ट दुरुस्त करून कारागीर आले, त्यांनी हत्यारे फळीवर ठेवली. फोरमनने मोजली, तर चोविसांत एक कमी. बारीक पान्हा नव्हता. विसरलेले हत्यार लिफ्टच्या छतावरून खाली निसटले तर कोणाचे तरी डोके फुटायचे. म्हणून हिशेब जुळेपर्यंत त्या इमारतीतील लिफ्ट सुरू करता येत नव्हती. तुम्हीच मोजण्यात चुकलात, असे एकाने फोरमनला सुनावले. आवाज चढले.

“पान्हा त्या उंच दादांच्या डाव्या खिशात आहे,” भाची म्हणाली. “मघाशी फोन आला तेव्हा त्यांनी टाकला.”

फोरमनच्या हातातील पेन्सिल पडली. उंच कारागिराने खिसा चाचपला आणि पान्हा निमूटपणे फळीवर ठेवला.

“बाई आहे की भूत?” त्याने शेजाऱ्याला विचारले.

“तुम्ही कधीपासून आहात इथे?” फोरमनने विचारले.

“साडेतीनपासून. तुम्ही थांबायची खूण केलीत.”

फोरमनने फळीवर वर्तमानपत्र पसरले आणि खाली काय काय आहे ते सांगा म्हणाला. प्रत्येक प्रयोगापूर्वी वस्तूंचे मेज डोळ्यांत साठवून घेण्याची तिची सवय. तिने चोवीसही हत्यारे डावीकडून उजवीकडे सांगितली, मूठ तडकलेल्या पकडीसह. आणि शेवटी, त्याचा चष्माही त्याच कागदाखाली आहे, अशी भर घातली. तो चष्मा सकाळपासून सापडत नव्हता.

कामाची वेळ सकाळी सात ते दुपारी चार. दुसऱ्या दिवसापासूनच तिने खोली उघडायची होती.

“एकच अट,” किल्ल्यांचा भला मोठा जुडगा देत फोरमन म्हणाला. “आत आलात की जरा वाजवत या. माझं काळीज आता पहिल्यासारखं राहिलं नाही.”

सव्वापाचला जिन्यात खुळखुळ वाजू लागली. कोण आले असावे, म्हणून मामीने पळी हातात धरूनच दार उघडले. भाची कमरेला जुडगा लावून पायऱ्या चढत होती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणारा अखेर भेटला, असे मामी म्हणाली, आणि पदराने डोळे पुसू लागली. मी ते वेळापत्रक पुन्हा खणात, त्याच्या जागी ठेवले. भावाला मात्र तिने स्वतःच फोन केला.

पावणेसहाला तालमीला जाण्यापूर्वी तिने जुडगा खुंटीला अडकवला. त्यानंतर ती केव्हा गेली, ते आम्हा दोघांनाही कळले नाही.