हातमोज्याची पूजा

दुसऱ्या बाईचा मत्सर करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आली ती एका हातमोज्याचा करायची.

आमच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताची मूठ वळली ती उघडेना. डाव्या हाताने जेवणं त्यांना पटेना, म्हणून मीच भरवू लागले. खरं सांगायचं तर मला त्यात सुख होतं. लग्न झाल्यापासून हा माणूस पेपरात डोकं खुपसून जेवला. आता दोन्ही वेळा माझ्यासमोर बसायचा आणि माझ्या हाताकडे बघत तोंड उघडायचा.

मग जयलक्ष्मीपुरमच्या एका उपचार केंद्रात तो मोजा भेटला. त्याच्या नळ्यांत हवा भरली की बोटं उघडतात, सोडली की मिटतात. समोरच्या पडद्यावर आंब्याचं झाड. आंबा तोडून टोपलीत टाकला की यंत्र टाळ्या वाजवतं. त्या टाळ्यांना हे असे हसायचे की माझा जळफळाट व्हायचा. तिथली व्यायाम शिकवणारी मुलगी मला कानडीत म्हणाली, "आंटी, नीवु तिन्निसबेडि. अवरे तिन्नलि." म्हणजे मी भरवायचं नाही, त्यांचं त्यांना खाऊ द्यायचं. मी मान डोलावली आणि घरी येऊन भात कालवला.

पुढे मोजा भाड्याने घरीच आला. उठल्याबरोबर हे विचारायचे, "मोजा कुठाय?" मी कुठे आहे ते कोणी विचारत नव्हतं. बोटं सैल होत चालली होती, तरी पानातलं जरा सांडलं की मी लगेच पुढे व्हायची.

दसरा आला. आम्ही मंडी मोहल्ल्यातले जुने रंगारी. कापडावरची छपाई कधीच बंद पडली, पण खंडेनवमीला लाकडी ठसे अजून पाटावर मांडतो. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही घरची रीत. मीच मोजा उचलून ठशांच्या ओळीत ठेवला, गंध लावलं, फूल वाहिलं. सुनेला वाटलं, सासूबाईंना केवढं कौतुक. कौतुक कसलं डोंबलाचं! एक दिवस तरी तो गप्प पडेल आणि हे माझ्या हातून जेवतील, एवढंच माझ्या मनात होतं.

पान वाढलं. मी पुरणपोळीचा तुकडा मोडून तुपात बुडवला. त्यांनी माझं मनगट हळूच बाजूला सारलं आणि आपल्या उजव्या हाताने दुसरा तुकडा उचलला. अंगठा थरथरत होता. अर्धा घास सदऱ्यावर पडला, अर्धा तोंडात गेला. मी सवयीने सदरा पुसायला वाकले.

"बिडु, राहू दे," ते अर्धं कानडीत, अर्धं मराठीत म्हणाले. "आज हत्यारांना रजा. तूही बैस जेवायला."

मी बसले. कित्येक महिन्यांनी माझ्या पानातलं अन्न गरम होतं. त्यांच्यासाठी तुपात बुडवलेला तुकडा मीच खाल्ला.