बारा शब्द

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आजही दादाचा फोन वाजला की आधी हेच मनात येतं — त्याला कळलं असेल का?

दादा माझा थोरला भाऊ. नांदगावचं मोटार पार्टचं दुकान विकून तो इंदिरानगरला आमच्या शेजारच्या गल्लीत राहायला आला. मी शाळेत कम्प्युटर शिकवते. दुकानाच्या पैशांतले थोडे क्रिप्टोत, म्हणजे नेटवरच्या चलनात घाल, असं मीच त्याच्या मागे लागले होते. ते ठेवायचं फोनमधलं वॉलेटही मीच उघडून दिलं. त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द — ते कुणालाही सांगायचे नाहीत, हे मीच त्याला बजावलं. त्याने ते माझ्याकडेही ठेवायला दिले. विश्वासाने.

एकदा त्याची रक्कम दिसेना. त्याने मला बघायला सांगितलं. मी — काय सांगू? — मधल्या सुट्टीत नेटवर मदतीचा नंबर शोधून फोन लावला. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलत होता. त्याने एक पान उघडायला लावलं, आणि मी तिथे ते बाराही शब्द टाकले. मी. मुलांना पासवर्ड जपायला शिकवणारी. सुट्टी संपायच्या आत वॉलेट रिकामं झालं होतं.

तेव्हाच पळत जाऊन सांगता आलं असतं. नाही सांगितलं. दोन-तीन दिवसांनी दादाच त्याचा फोन घेऊन आला.

"माया, हे शून्य का दाखवतंय गं?"

आणि मी म्हणाले, "दादा, तू कोणाला शब्द सांगितलेस का? आठव बरं."

सायबर पोलिसांकडे मीच त्याला घेऊन गेले. साहेबांनी तक्रार घेतली. पैसे परदेशात गेलेले दिसतात म्हणाले. क्रिप्टोवर सरकारचा कर लागतो, पण चोरी झाली तर भरून द्यायला इथे बँकेसारखं कोणी नाही, असंही सांगितलं. मग विचारलं, शब्द कोणाला माहीत होते?

"आम्हा दोघांना," दादा म्हणाला. "पण ती यातली जाणकार आहे. तिच्याकडून नाही जायचे."

मी मान हलवली. माझा फोन बघायला मागतील, त्यात तो नंबर सापडेल, म्हणून पर्स घट्ट धरून बसले होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर? पण दादा आठवत राहिला. आठवून आठवून शेवटी म्हणाला, बँकेतून कोणाचा तरी फोन आला होता, तेव्हा बोलून गेलो असेन. असा फोन कधी आलाच नव्हता. मी म्हणाले, "असेल."

मग वहिनीला त्याचं प्रत्येक विसरणं दिसायला लागलं. चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का. तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या ठीक आल्या, तरी तिने स्कूटरची किल्ली काढून घेतली. पूर्वी हिशोब तोंडी करणारा माणूस आता भाजी आणायलाही एकटा जात नाही. दुकानदाराने दिलेले सुटे पैसे दुसऱ्याकडून मोजून घेतो.

गेल्या महिन्यात त्याने बँकेच्या खात्यावर माझं नाव लावलं. "माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही," म्हणाला. "तू आहेस म्हणून बरं."

त्याच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. हे मला माहीत होतं. आणि त्याने कागद पुढे केला तेव्हा मी सही केली.