हरेश्वरची हसरी कैद

वेसाव्यात कुणाकडे बारसं असो की बाराव्याचं जेवण, हरेश्वरला बोलावणं असायचंच. पंगत उठली की लोक त्याला मध्ये बसवायचे आणि म्हणायचे, "हरेश्वर, तुरुंग सांग." मग तो पानाला चुना लावत तुरुंग सांगायचा आणि माणसं पोट धरून हसायची. बाराव्याच्या घरीही घटकाभर दुःखाचा विसर पडायचा.

गोष्ट बनावट नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी, तिकडे डोंगरात लढाई पेटली त्या मे महिन्यात, घरच्या बोटीचं इंजिन बसलं म्हणून हरेश्वर सौराष्ट्रातल्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला. हंगामाची शेवटची फेरी. बोट भरकटून हद्दीपार गेली आणि पलीकडच्यांनी सगळ्यांना हेर म्हणून धरलं. लढाईच्या दिवसांत जाळ्यातला बोंबीलही हेर दिसतो, तिथे माणसाची काय कथा! त्यात हरेश्वरच्या खिशात वही सापडली. त्याचं आणि अक्षरांचं लहानपणापासून वाकडं, म्हणून परक्या पाण्यातल्या जागा तो चित्रं काढून लक्षात ठेवायचा. पापलेट मिळालं तिथे पापलेट, कोळंबी मिळाली तिथे कोळंबी. आणि जिथे खडकात अडकून जाळं फाटलं, तिथे त्याने सासूबाई काढल्या होत्या. अंबाडा, नथ, वटारलेले डोळे, सगळं जागच्या जागी.

"साहेब इचारतो, ही बाई कोन?" हरेश्वर सांगायचा. "मी बोललो, सासू. साहेब बोलतो, हिचा हुद्दा काय? मी बोललो, आमच्या घरात सगल्यात वरचा! तीन आठवडे, बाबांनो, तीन आठवडे तो माझ्या सासूला शोधत होता!"

इथे हशा फुटायचा. सासूबाई होत्या तोवर त्याही पदर तोंडाला लावून हसायच्या.

चौदा महिने तो आत होता आणि चौदा महिन्यांत म्हणे त्याला कुणी बोटही लावलं नाही. उलट पहारेकऱ्यांना त्यानेच बोंबलाचं कालवण शिकवलं. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस कैदेत गेला होता की सासुरवाडीला! फक्त एक गोष्ट गावाला कळायची नाही. लहानपणापासून तापल्या वाळूवर अनवाणी हिंडलेला हा माणूस परत आल्यापासून घरातसुद्धा मऊ रबरी चपला घालायचा. थंडीत त्याचे पाय ठणकायचे. विचारलं तर, "बोटीवरून पडलो होतो." बायको सोनूबाई खोबरेल कोमट करून तळवे चोळायची आणि काही बोलायची नाही. खरं तर एवढ्यावरूनच त्याने ओळखायला हवं होतं. मासळी बाजारात भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उद्धरणारी ही बाई, ती गप्प बसते म्हणजे काय? पण आपल्याच गोष्टीवर खूश असलेल्या माणसाला एवढं कुठलं दिसायला!

तर अशा या हरेश्वरकडे गेल्या वर्षी नमिता नावाची एक तरुण दिग्दर्शिका आली. लढाईच्या काळात विनाकारण डांबलेल्या माणसांवर ती डॉक्युड्रामा करत होती.

"म्हणजे काय गो?"

"अर्धं खरे लोक बोलतात काका, अर्धं नट करून दाखवतात."

"आमच्या जमातीची सभा अशीच असते," हरेश्वर म्हणाला आणि तिने विचारताच तिथल्या तिथे सिनेमाचा सल्लागार व्हायला तयार झाला.

गावाला वाटलं, म्हातारपणी नट व्हायची हौस आली. हौस होतीच, पण तिच्याखाली भीती होती. त्याच बोटीवरचा डहाणूचा एक जोडीदार नमिताला आधीच भेटला होता आणि त्याने सगळं सांगितलं होतं. सगळं म्हणजे सगळं. सिनेमा तयार झाला की वेसाव्यात दाखवणार आणि सोनूबाई पहिल्या रांगेत बसणार. पंचवीस वर्षं जे तिच्यापासून लपवलं, ते पडद्यावर येऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी हरेश्वर सल्लागार झाला होता.

नमिता सोनूबाईलाही भेटली. तिला एक सीन हवा होता. नवरा परत येत नाही म्हणून बायको बांगड्या फोडायला निघते आणि शेजारणी तिला धरतात. सोनूबाईने मासे कापायचा कोयता खाली ठेवला आणि आपले हात पुढे केले. डाव्या मनगटात हिरवा चुडा, उजवं मनगट रिकामं.

"लग्नात या हाताच्या बांगड्या, ह्याला सांभाळ म्हनून, मी दर्याला दिल्या. जुनी रीत हाय आमची. दर्याशी माझं बोलनं तवाच झालं. ह्याला नेला तो मान्सांनी. मान्सांनी नेलेला मानूस मान्सांकडून परत येतो. मी कशाला बांगड्या फोडू?"

नमिताने तो सीन मुकाट्याने काढून टाकला.

दिंडोशीच्या स्टुडिओत तुरुंग उभा राहिला. हरेश्वरचं काम करायला विकी नावाचा उंचापुरा नट आला होता. पहिले दोन दिवस सल्लागाराने नुसता उच्छाद मांडला. भिंत इतकी काळी नव्हती. पहारेकरी इतका वाईट नव्हता. डाळ तर झकास असायची. तिसऱ्या दिवशी विकीला बाकावर पालथं बांधलं. पहारेकऱ्याच्या हातात रबरी पट्टा आला, आणि आता तळव्यांवरच्या माराचा सीन सुरू होणार, तेवढ्यात हरेश्वर उठला.

"हे असं झालंच नाय. तो डहाणूवाला फेकाड्या हाय."

नमिता त्याला बाजूला घेऊन गेली. ती त्याच्या चपलांकडे बघत राहिली. हरेश्वरने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चेष्टा सुचेना.

"खरं हाय, बाय," तो शेवटी म्हणाला. "सासू बोललो की मारायचे. खडक बोललो तरी मारायचे. पन माझी बायको बघनार ना. तिला मी हसवत आलोय गो. तेवढं राहू दे."

नमिताने डोळे पुसले आणि सीन बदलला. आता साहेब नुसता चित्राकडे बघून डोकं खाजवत होता. हरेश्वरने तुरुंगातला एकेक प्रसंग तपासला आणि निर्धास्त झाला. सिनेमाचा शेवट तेवढा त्याने बघितला नाही. त्यात तुरुंगच नव्हता, मग बघायचं काय?

एका रविवारी दुपारी जमातीच्या हॉलमध्ये सिनेमा लागला. अख्खा गाव लोटला. पडद्यावर सासूबाई आल्या तशी शिट्ट्या पडल्या. हरेश्वर मिशीला पीळ देत बायकोकडे चोरून बघत होता. ती हसत नव्हती, पण रडतही नव्हती. चला, जिंकलो, त्याला वाटलं.

शेवटी विकी सुटून गावी आला. समोर समुद्र, किनाऱ्यावर बायको उभी. विकीने पिशवी फेकली आणि अनवाणी, वाळू उडवत तो तिच्याकडे धावत सुटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दिवे लागले.

सोनूबाई उभी राहिली.

"हा धावला कसा?"

उठलेली माणसं परत खाली बसली.

"अगो, सिनेमा हाय," हरेश्वर हसायला गेला.

"माझा मानूस धावत नाय आला," ती नमिताला म्हणाली. "नारली पुनवेच्या आदल्या दिवशी आला तो. माझ्यापर्यंत यायला ह्याला पाव तास लागला. टाचांवर चालत होता. मी बघत उभी होती. आनि बोलला काय, तर बोटीवरून पडलो! बोटीवरून पडलेल्या मान्साचे दोनी तलवे फुटतात कवा? पंचवीस वर्षं तेल चोलते मी. माराचा एकेक वल ठाऊक हाय मना."

नमिता मान खाली घालून उभी होती. सोनूबाईने त्याचा हात धरला आणि भर गर्दीतून त्याला बाहेर नेलं.

दोघं धक्क्याच्या पायऱ्यांवर बसली. भरती लागली होती.

"ठाऊक होतं, तर इचारलं का नाय?"

"तू हसवायला बघत होतास. म्हटलं, ह्याला हसवून बरं वाटत असंल तर वाटू दे." तिने पदर सावरला. "पन मना एकदाबी हसू आलं नाय रं."

एवढ्या बाराव्यांना हरेश्वरने माणसं हसवली होती, आणि घरातलं हे एक माणूस पंचवीस वर्षं त्याच्याच गोष्टीचं सुतक पाळत होतं.

सोनूबाईने वाकून त्याच्या चपला काढल्या आणि एक पाय आपल्या मांडीवर घेतला.

"आईच्या चित्राची गोष्ट सांग," ती म्हणाली. "आज हसवू नको."

हरेश्वरने घसा खाकरला. "साहेब इचारतो, ही बाई कोन? मी बोललो, सासू."

नेमका हशा फुटायचा त्या जागी तो थांबला. सोनूबाईचा अंगठा त्याच्या तळव्यावरून हळूहळू फिरत होता.

"मग?" ती म्हणाली.